चिकमॉगाला उजव्या हातात गोळी लागली, तरी पेन्शनला १५ वर्षं? कागद समजून घ्यायला मदत हवी

वैजू_ओहायो

नमस्कार मंडळी,

मी ओहायोतल्या एका लहान गावात राहते आणि शनिवारी इथल्या इतिहास मंडळात जुने कागद स्कॅन करायला जाते. सध्या माझ्याकडे एका शेतकरी कुटुंबानं दिलेलं खोकं आहे. त्यांचे खापरपणजोबा अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढले होते, त्यांच्या पेन्शनचे हे कागद. कुटुंबाची इच्छा नाही म्हणून नाव देत नाही. घरातले सगळे त्यांना आजोबाच म्हणतात, मीही तेच म्हणते.

आजोबा १८६२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी ओहायोच्या एका पायदळ रेजिमेंटमध्ये भरती झाले. २० सप्टेंबर १८६३ ला जॉर्जियात चिकमॉगाच्या लढाईत मिनिए गोळी उजव्या हाताच्या कोपराखाली शिरली आणि मनगटाच्या वर बाहेर पडली. हात कापावा लागला नाही. हाडं जुळली, पण वाकडी. मनगट ताठ झालं, करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळलं ते कायमचं. आधी नॅशव्हिल आणि मग सिनसिनाटीजवळचं कॅम्प डेनिसन अशा दोन इस्पितळांत राहिल्यावर त्यांची रवानगी 'इन्व्हॅलिड कोअर'मध्ये झाली. लढता येत नाही पण पहारा देता येतो, अशा जखमींचं हे दल. १८६५ च्या उन्हाळ्यात सुटले आणि घरी येऊन शेती करू लागले.

आता कागद काय सांगतात ते बघा. पेन्शनचा पहिला अर्ज १८७७ चा आहे. वॉशिंग्टनहून उत्तर आलं की जखमी झाल्याची नोंद हजेरीपटावर आहे, पण कुठला हात ते लिहिलेलं नाही, आणि नॅशव्हिलच्या इस्पितळाच्या रजिस्टरात 'डावा' लिहिलंय. तेव्हा उजव्या हाताला गोळी लागली याचा पुरावा द्या. अधिकाऱ्याची साक्ष आणा, नाहीतर सोबतच्या दोन सैनिकांची प्रतिज्ञापत्रं आणा. कॅप्टन तोवर वारलेले. तंबूतला जोडीदार कॅन्ससला जाऊन स्थायिक झालेला, त्याचा पत्ता शोधण्यात वर्ष गेलं. त्याचं प्रतिज्ञापत्र खोक्यात आहे. त्यात तो लिहितो की मीच याचा हात माझ्या पट्ट्यानं बांधला, बंदूक याच्या उजव्या बाजूला पडली होती, ते मला पक्कं आठवतं.

मग डॉक्टरांची तपासणी. या फॉर्मवर माणसाच्या शरीराची छापील आकृती असते, पुढून आणि मागून. त्यावर गोळी शिरली तिथे शाईचा एक ठिपका, बाहेर पडली तिथे दुसरा. दोन्ही ठिपके उजव्या हातावर. खाली लिहिलंय की उजव्या हाताचा घेर डाव्यापेक्षा पाऊण इंच कमी, पकड निम्मी. हे १८७८ मध्ये सरकारनं नेमलेल्या डॉक्टरांनीच लिहिलंय! तरी मंजुरी १८८० ला. महिना ४ डॉलर. पण १८६५ पासूनची सगळी थकबाकी एकदम मिळाली, ७०० डॉलरच्या वर. १८८७ मध्ये तेच महिन्याला ८ झाले, कागदावर '८/१८' असा अपूर्णांक आहे. आणि १८९१ मध्ये अचानक १२ डॉलर. त्या वेळच्या अर्जात तर हाताचा जेमतेम उल्लेख आहे, बाकी सगळं संधिवात आणि छातीतली धडधड. त्याला कुणी साक्षीदार मागितला नाही.

मला हे झेपत नाहीये. ज्या जखमेच्या खुणा अंगावर दिसतात तिच्यासाठी एवढी पायपीट, आणि म्हातारपणाच्या दुखण्याला लगेच जास्त पैसे? आणि बारा वर्षं त्यांनी अर्जच का केला नसेल? ते '८/१८' काय आहे? शिवाय खोक्यातले कागद अर्धवट आहेत, बाकीची फाइल मिळू शकते का? इथे इतिहासातले बरेच जाणकार आहेत म्हणून विचारते.

---

अरुंधती_फिली

वैजू, फार चांगलं काम करते आहेस. माझा अभ्यास याच काळाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ कायदा १४ जुलै १८६२ चा. लष्करी सेवेतच आणि सेवेमुळेच आलेलं अपंगत्व असेल तर पेन्शन. साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वासाठी महिना ८ डॉलर. तेव्हा शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता, त्यावरून अंदाज कर. 'पूर्ण' म्हणजे अंगमेहनतीचं काम अजिबात न होणं. तुझ्या आजोबांना डॉक्टरांनी निम्मं ठरवलं, म्हणून ४.

अवयव गेला असेल तर त्याचे दर कायद्यातच ठरलेले आणि ते वाढत गेले. १८८६ पासून हाताचा पंजा किंवा पाऊल गेलं तर ३० डॉलर, कोपरापासून किंवा त्यावरून हात गेला तर ३६, खांद्यापासून गेला तर ४५. म्हणजे हात वाचला तो आजोबांना पेन्शनमध्ये महागात पडला. कापलेल्या हाताबद्दल वाद घालायला जागाच नसते. वाचलेल्या, वाकड्या, दुखणाऱ्या हाताची किंमत प्रत्येक तपासणीत नव्यानं ठरते. त्या अठराव्या हिश्शांचा उगम असा की १८७० च्या दशकात हाताचा पंजा किंवा पाऊल गमावण्याइतक्या अपंगत्वाला १८ डॉलर दर होता. त्याखालचं सगळं त्याच्या हिश्शांत मोजायचं. ८/१८ म्हणजे ८ डॉलर.

बारा वर्षं अर्ज का नाही? सुटल्यावर ठरावीक मुदतीत अर्ज केला तर पेन्शन सुटल्याच्या तारखेपासून मिळे. ती मुदत पुढे पाच वर्षांपर्यंत वाढली. नंतर केला तर अर्जाच्या तारखेपासून. तरुण माणूस, शेत आहे, कसंबसं काम होतंय, तालुक्याच्या गावी खेपा घालायच्या, नोटरीचे पैसे भरायचे, हे सगळं ४ डॉलरसाठी कोण करणार? अनेकांनी केलं नाही. काहींना सरकारकडे हात पसरणं कमीपणाचं वाटे. तिशी उलटल्यावर तो हात जास्त दुखू लागतो आणि मग माणूस अर्जाकडे वळतो.

आजोबांना थकबाकी मिळाली ती २५ जानेवारी १८७९ च्या कायद्यामुळे. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यावर सही केली. १ जुलै १८८० च्या आत अर्ज आलेल्या प्रत्येकाला सुटल्याच्या तारखेपासूनची रक्कम. त्यानंतर अर्जांचा लोंढाच आला. वॉशिंग्टनच्या पेन्शन वकिलांनी तर आपली वर्तमानपत्रं काढली होती. जॉर्ज लेमन या वकिलाचं 'नॅशनल ट्रिब्यून' गावोगावच्या माजी सैनिकांच्या घरी जायचं.

१२ डॉलरचं कोडं २७ जून १८९० च्या कायद्यात आहे. ९० दिवसांची सेवा, सन्मानानं सुटका, आणि आज अंगमेहनत करता येत नाही, एवढं पुरे. अपंगत्व युद्धात आलं की नंतर, हा प्रश्नच काढून टाकला. फक्त स्वतःच्या वाईट सवयींमुळे आलेलं नको. ६ ते १२ डॉलर मिळत. दोन्ही पेन्शनी एकदम घेता येत नसत, म्हणून आजोबांनी ८ ची सोडून १२ ची घेतली. असाच एक कायदा राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी १८८७ मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवला होता. युद्धाच्या वेळी त्यांनी स्वतः पैसे देऊन बदली माणूस पाठवला होता, तसं करणं कायदेशीर होतं, पण माजी सैनिक ते विसरले नाहीत. १८८८ ला क्लीव्हलंड हरले, हॅरिसन आले आणि त्यांनी कायदा केला. १८९३ च्या सुमारास केंद्र सरकारच्या खर्चाचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग या पेन्शनींवर जात होता.

---

निवृत्त_लेखापाल

वैजूताई, मी कोषागारात पेन्शन शाखेत नोकरी केली. तुमचा राग समजतो, पण टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो.

कारकुनासमोर माणूस नसतो, कागद असतो. इस्पितळाच्या रजिस्टरात 'डावा' लिहिलंय आणि अर्जात 'उजवा'. यातलं कुठलं खरं, हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. त्यानं तसाच अर्ज पुढे रेटला तर लेखापरीक्षणात त्याची मान अडकते. डॉक्टरनं १८७८ मध्ये उजव्या हातावर जखम पाहिली हे बरोबर, पण ती १८६३ ची आहे हे डॉक्टर सांगू शकत नाही. १८७० मध्ये गिरणीच्या पट्ट्यात हात गेला असेल तर? म्हणून साक्षीदार. आजोबा खोटं बोलत होते असं कुणी म्हटलं नाही. खोटे दावे करणारेही होते, आणि त्यांच्यामुळे खऱ्या माणसाला त्रास. आमच्याकडेही हयातीच्या दाखल्यासाठी नव्वदीच्या बाईंना रिक्षातून आणावं लागे आणि त्या म्हणत, 'अरे, मी समोर उभी आहे ना.' मला त्याचं दर वेळी वाईट वाटे, पण दाखल्याशिवाय रक्कम सोडता येत नसे.

मुलीकडे वॉशिंग्टनला गेलो होतो तेव्हा ते जुनं पेन्शन ऑफिस मुद्दाम पाहिलं. आता तिथे इमारतींचं संग्रहालय आहे. १८८२ ते १८८७ या काळात माँटगोमरी मेग्ज यांनी बांधलेली प्रचंड लाल विटांची इमारत. बाहेरून सगळीकडून भाजलेल्या मातीची शिल्पपट्टी फिरते, १,२०० फूट लांब. पायदळ, घोडदळ, तोफखाना, आरमार, आणि जखमी सैनिकसुद्धा. कास्पर ब्युबर्ल यांचं काम. आत अवाढव्य खांब आणि चारी बाजूंनी सज्जे. त्या सज्ज्यांमागच्या खोल्यांत बसून शेकडो कारकून तुमच्या आजोबांसारख्यांचे कागद लावत होते. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. त्या कारकुनांविषयी मला आपुलकी वाटली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

---

मैत्रेयी

लेखापालकाका, त्याच शिल्पपट्टीत एक कृष्णवर्णीय गाडीवान आहे. युद्धामुळे गुलामीतून सुटलेला माणूस तिथे असलाच पाहिजे, असा मेग्ज यांचा आग्रह होता. पण त्या इमारतीच्या आत त्या गाडीवानाच्या भाऊबंदांचं काय व्हायचं?

उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांतले बरेच गुलामीतून आलेले. कायदा त्यांना वेगळा नव्हता, दर तोच. पण पुरावा कुठून आणणार? जन्माची नोंद नाही. भरती होताना मालकाचं आडनाव लावलं, सुटल्यावर ते टाकून वडिलांचं घेतलं, आता हजेरीपटावरचा माणूस आणि अर्जदार एकच हे कोण सिद्ध करणार? विधवेला लग्नाचा दाखला मागायचा, तर गुलामांच्या लग्नाला कायद्यानं मान्यताच नव्हती. १८६४ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकन संसदेनं, यासाठी तरतूद केली, एकत्र राहत होते याची साक्ष चालेल म्हणून. पण साक्ष देणाराही गरीब, लिहिता न येणारा आणि नोटरीच्या फीला महाग. चौकशीला येणारे अधिकारी अशा साक्षींवर विश्वास ठेवायला नाखूष असत.

गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांचं उदाहरण सगळ्यांनी वाचायला हवं. युद्धात त्यांनी उत्तरेसाठी हेरगिरी केली, जखमींची शुश्रूषा केली. स्वतःच्या सेवेबद्दल अनेक वर्षं काहीच नाही. त्यांचे पती नेल्सन डेव्हिस माजी सैनिक होते, त्यांच्या मृत्यूनंतर विधवा म्हणून ८ डॉलर. १८९९ मध्ये काँग्रेसनं खास कायदा करून ते २० केले, तेही परिचारिका म्हणून. हेरगिरीचा उल्लेख नाही.

काका, कारकुनाचा दोष नाही हे मान्य. पण 'कागद आणा' हा नियम सगळ्यांना सारखा असला तरी कागद सगळ्यांकडे सारखे नव्हते. वैजूच्या आजोबांना निदान कॅन्ससचा मित्र सापडला.

---

भटक्या७७

छान चर्चा. एक भर घालतो. या युद्धाची शेवटची पेन्शन २०२० मध्ये बंद झाली! नॉर्थ कॅरोलायनातल्या आयरीन ट्रिपलेट यांना वडिलांच्या सेवेमुळे महिना ७३.१३ डॉलर मिळत होते. वडील आधी दक्षिणेच्या सैन्यात होते, ते सोडून पुढे उत्तरेकडून लढले, म्हणून केंद्राची पेन्शन. दक्षिणेच्या सैनिकांना केंद्राकडून काही नव्हतं, त्यांच्या त्यांच्या राज्यांनी जमेल तसं दिलं.

---

अपशिंगेकर

सातारा जिल्ह्यातला आहे, आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत. धागा वाचून चुलत्यांची आठवण झाली म्हणून लिहितो.

आजही आपल्याकडे हाच वाद चालतो. अपंगत्व सेवेमुळे आलं का, किंवा सेवेमुळे वाढलं का, हे लष्कराचं वैद्यकीय बोर्ड ठरवतं, आणि अपंगत्व २० टक्के तरी असावं लागतं. चुलत्यांना गोळी लागली नव्हती. उंचावरच्या पोस्टिंगनंतर आजार जडला. बोर्डानं 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा मारला. भरती होताना छातीचं माप घेतलं, पळवलं, डोळे तपासले, तेव्हा पोरगा ठणठणीत होता. मग आजार आला कुठून? सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात हेच म्हटलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच आला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. त्या निकालाच्या आधारानं चुलत्यांना मिळाली. तोवर काकूंनी म्हैस विकली होती.

वैजूताई, त्या १८९० च्या कायद्याला 'म्हातारपणाच्या दुखण्याचे पैसे' म्हणू नका. माणूस उमेदीची तीन वर्षं देतो, पावसात चिखलात झोपतो, सडकं खातो. तीस वर्षांनी गुडघे धरले तर ते कशानं धरले हे कुठला डॉक्टर सांगणार? तो प्रश्नच विचारायचा नाही असं कुणीतरी ठरवलं, हे मला त्या सगळ्या कायद्यांतलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

---

वैजू_ओहायो

सगळ्यांचे मनापासून आभार. अपशिंगेकर, तुमचं म्हणणं पटलं. तुमचा प्रतिसाद वाचून १८९१ चा अर्ज पुन्हा काढला. संधिवाताबद्दल आजोबांनी लिहिलंय की चॅटनूगाच्या वाटेवर जखमी अवस्थेत बैलगाडीत दोन रात्री पावसात काढल्या, तेव्हापासून सांधे दुखतात. हे १८७७ च्या अर्जात नाही. विचारलंच नव्हतं, फक्त हात विचारला होता.

आज खोक्यात आणखी एक कागद मिळाला, तो तुमच्यासाठी उतरवून घेतला. १८८६ चं शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, पेन्शन वाढवून मागताना दिलेलं. शेजारी म्हणतो, मी यांना युद्धाच्या आधीपासून ओळखतो. तेव्हा हे गावात सगळ्यांत चांगले लाकूडतोडे होते. आता कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरवत नाही. गाईची धार डाव्या हातानं काढतात आणि वेळ दुप्पट लागतो. मक्याची कणसं सोलायला बायको आणि मोठा मुलगा असतो. गवत कापायच्या दिवसांत गडी लावतात, त्याची मजुरी मी स्वतः पाहिली आहे. माझ्या मते हा माणूस निम्मं काम करू शकतो, जास्त नाही. खाली शेजाऱ्याची सही आणि यात माझा काही आर्थिक संबंध नाही असं वाक्य.

लेखापालकाका, तुमची बाजू कळली, आणि तुम्ही त्या इमारतीत उभे राहिलात हे वाचून बरं वाटलं. पण माझं म्हणणं मी सोडत नाही. हा शेजारी १८७७ मध्येही शेजारीच होता. त्याला तेव्हाच कुणी विचारलं असतं, युद्धाच्या आधी याचा उजवा हात कसा होता, तर कॅन्ससला पत्रं पाठवायची वेळ आली नसती. सोबतचे सैनिकच हवेत, गावकरी चालणार नाहीत, या हट्टात तीन वर्षं गेली. आणि मैत्रेयी म्हणते तसं, ज्याचा जोडीदार सापडला नाही त्याची फाइल तशीच राहिली असेल.

अजून एक. खोक्यात १८६२-६३ ची छावणीतून आईला लिहिलेली पत्रं आहेत, उजवीकडे झुकलेलं रेखीव अक्षर. आणि १८९८ चा एक छापील फॉर्म आहे, लग्न कधी झालं, कुठे झालं, मुलं किती, जिवंत किती, असं विचारलेला. त्याची उत्तरं उभ्या, जाड, सुट्या अक्षरांत. डाव्या हातानं लिहिलेली असणार. अरुंधती, हा फॉर्म कशासाठी? आणि बाकीची फाइल कशी मागवू? आजोबा १९०९ मध्ये गेले, आजी १९२१ मध्ये.

---

अरुंधती_फिली

अक्षराचं निरीक्षण महत्त्वाचं आहे, दोन्ही कागद शेजारी ठेवून स्कॅन करून ठेव. उजवा हात गमावलेल्या हजारो सैनिकांना डाव्या हातानं लिहायला शिकावं लागलं. विल्यम ओलंड बोर्न या संपादकानं युद्ध संपताच अशा सैनिकांसाठी डाव्या हाताच्या हस्ताक्षराची स्पर्धा भरवली होती, बक्षिसं देऊन. हेतू हा की त्यांना कारकुनीची नोकरी मिळावी. त्या स्पर्धेतले कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, ऑनलाइन पाहता येतात. कुटुंबाला दाखव.

१८९८ चा फॉर्म पेन्शन ब्युरोनंच सगळ्या पेन्शनरांना पाठवला होता. पुढे विधवा अर्ज करेल तेव्हा लग्नाचा पुरावा सैनिकाच्याच हातचा असावा म्हणून. तो भरून ठेवला होता म्हणून आजींचं काम सोपं झालं असणार. १९०८ च्या कायद्यानं विधवांना १२ डॉलर केले होते, ज्यांचं लग्न २७ जून १८९० च्या आधी झालं त्यांना. आजींना सुरुवातीला तेच मिळाले असतील.

फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असते. आधी इंडेक्स कार्ड शोध. टी-२८८ नावाची मायक्रोफिल्म मालिका आहे, वंशावळीच्या वेबसाइटांवर ती कार्डं बघता येतात. नाव, रेजिमेंट आणि कंपनी जुळली की खाली दोन ओळी दिसतील, एक 'इन्व्हॅलिड' म्हणजे सैनिकाच्या स्वतःच्या पेन्शनची आणि एक 'विडो' म्हणजे विधवेची. प्रत्येकीपुढे अर्जाचा क्रमांक आणि मंजुरीचा क्रमांक. आजींच्या मंजुरीचा क्रमांक नक्की लिहून घे, कारण नवरा-बायकोचे कागद पुढे एकत्र करून बहुधा विधवेच्या क्रमांकाखाली लावले आहेत. त्यानंतर आर्काइव्ह्जच्या साइटवरून नॅटफ ८५ फॉर्म भरून संपूर्ण फाइल माग. निवडक कागदांचा संच स्वस्त पडतो, पण तो घेऊ नकोस, त्यात प्रतिज्ञापत्रं गाळली जाण्याची शक्यता असते आणि तुला तीच हवी आहेत. कॅन्ससच्या मित्राचं दुसरं एखादं पत्र तिथे असू शकेल.